दिवस मावळायच्या आत

बायबलमध्ये, अनुवादाच्या पुस्तकाच्या 24व्या अध्यायात, मजुरीविषयी एक आज्ञा आहे. रोजंदारीवरच्या गरिबाचे पैसे त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्यायचे. मग तो आपल्यातला असो की परका. त्याचं हातावर पोट आहे, हे कारणही तिथंच सांगितलंय. प्रीती, क्षमा, अनंतकाळचं जीवन यांवर मी आजवर पुष्कळ उपदेश ऐकले. या वचनावर ऐकलेला एकही आठवत नाही.

आमच्या घरी ते आईनं पाळलं. खुरपणीला बाया आल्या की पाच वाजता ती ओट्यावर बसून एकेकीच्या हातात पैसे मोजून द्यायची. सुट्टे नसले तर मला वाण्याकडे पिटाळायची. एकदा एक बाई म्हणाली, “राहू द्या वैनी, उद्या दिले तरी चालतील.” आई म्हणाली, “तुला चालतील गं, मला नाही चालायचे.” आईला बायबल अडखळतच वाचता यायचं.

वचन आचरणात आणायचं म्हणजे मन पवित्र करायचं, असं आपण धरून चालतो आणि तिथंच सुटतो. मन कोण तपासणार? मजुरी दिली की नाही, हे मात्र संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला कळतं.

यावर आपल्याच मंडळीतून आक्षेप येतो: तारण कृपेनं होतं, कर्मानं नव्हे. मलाही ते मान्य आहे. पण उघड्या-उपाशी भावाला नुसता आशीर्वाद देऊन वाटेला लावण्याचा काय उपयोग, असं याकोबाचं पत्र विचारतं. मार्टिन लूथरला ते पत्र फारसं रुचलं नव्हतं. मला ते फार जवळचं वाटतं. ज्याला सगळं फुकट मिळालं, त्यानं दुसऱ्याच्या घामाचे पैसे अडकवून ठेवावेत हे कृपेच्या कुठल्या हिशेबात बसतं? गेल्या महिन्यात आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या ताईंचा पगार मी चार दिवस लांबवला. शनिवारी रात्री अर्पणाचं पाकीट भरताना ते ध्यानात आलं. पैसे घरातच होते.

पंडिता रमाबाईंकडे मी पुन्हा पुन्हा वळते, कारण त्यांच्यात वचन आणि व्यवहार वेगळे नव्हते. विदुषी रमाबाई आणि समाजसेविका रमाबाई अशा दोन बायका आपण उगाच करून ठेवल्या आहेत. आई-वडील आणि बहीण त्यांनी दुष्काळाच्या दिवसांत गमावली होती. 1896-97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये शेती होती, विणकाम होतं, आंधळ्या बायकांसाठी बार्तिमी सदन होतं. त्याच आवारात बसून, हिब्रू आणि ग्रीक शिकून, त्यांनी बायबल मराठीत आणलं. कमी शिकलेल्या बाईलाही कळेल अशी मराठी त्यांना हवी होती. यामागे नुसती भाषेची हौस नव्हती, असं मला वाटतं. जिच्या हक्काची मजुरी शास्त्रात लिहिली आहे, तिलाच ती वाचता आली पाहिजे. मालकाच्या किंवा उपदेशकाच्या तोंडून ऐकायची वेळ तिच्यावर येऊ नये.

5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. त्यांचं संपूर्ण बायबल 1924 साली मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं. तिथं खिळे जुळवायला आणि पानं बांधायला मुक्तीतल्याच मुली शिकल्या होत्या.