पंक्चरची वीस मिनिटे

दूरच्या प्रवासाचा खरा आनंद निघण्याच्या आदल्या रात्री असतो, असे माझे जुने मत आहे. घरात निजानीज झालेली असते, टेबलावर नकाशा पसरलेला असतो, आणि आपण हातात पेन्सिल घेऊन नद्या, डोंगर, जंगले एका रेघेने ओलांडीत असतो. त्या रस्त्यावर खड्डे नसतात. म्हशी आडव्या येत नाहीत. रेल्वेचे फाटक आपण जाऊन पोचेपर्यंत उघडेच राहते. हल्ली हा नकाशा फोनमध्ये येऊन बसला आहे आणि किती वाजता पोचाल तेही तोच सांगतो. पण मला कागदावाचून चैन पडत नाही. मी चित्रकलेचा शिक्षक. मॅट्रिकपुढे माझे शिक्षण गेले नाही, पण अक्षर बरे असल्यामुळे शाळेचे वेळापत्रक लिहिण्याचे काम गेली कित्येक वर्षे माझ्याकडेच आहे. चौकोन आखले आणि ते भरून काढले, की आता जगात कसलाही गोंधळ उरला नाही, असे मला वाटू लागते.

२०२३ च्या डिसेंबरात मी असाच एक कागद तयार केला. चंद्रपूरहून वरंगळला एका दिवसात जायचे होते. सिरोंच्याच्या शाळेत माझ्याबरोबर शिकविणारे एक वडीलधारे मित्र निवृत्तीनंतर तिकडे राहायला गेले होते. त्यांच्या मुलीचे लग्न होते. तेलुगू घरचे लग्न म्हणजे मुहूर्ताला फार मान. त्या नेमक्या घटकेला वधूवर एकमेकांच्या डोक्यावर जिरे आणि गूळ ठेवतात. मुहूर्त रात्री ८ वाजून १२ मिनिटांचा होता, आणि 'तुम्ही त्याआधी हवेतच' असे मित्राने फोनवर दोनदा बजावले होते. मीही दोनदा 'हो' म्हटले होते.

जायला तीन वाटा. पहिली रेल्वेची. बल्लारशा आणि काझीपेठ लोहमार्गाने १९२९ साली जोडली गेली, आणि काझीपेठ म्हणजे वरंगळचे दारच. दुसरी वाट राजुरा, आसिफाबाद, मंचेरियालवरून जाणारी, रुंद आणि गुळगुळीत. तिसरी बल्लारपूर, कोठारी, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्लीवरून सिरोंच्याला आणि तेथून गोदावरीच्या पुलावरून कालेश्वरमला उतरणारी. लांबही तीच आणि खराबही तीच. मी ती निवडली. सिरोंच्याला आम्ही दोन वर्षे काढली होती. तेव्हा गोदावरीवर पूल नव्हता, नावेतून पलीकडे जावे लागे. त्या पुलावरून एकदा स्वतःच्या मोटारीतून जावे, आणि जाताजाता जुन्या शाळेच्या पटांगणात दहा मिनिटे उभे राहावे, अशी हौस होती. हौसेला माणूस रस्त्याची लांबी विचारीत नाही.

आमच्या भागात प्रवासाचा बेत करताना काय काय विचारावे लागते, हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला कदाचित नवीन वाटेल. पावसाळा असेल तर पहिला प्रश्न गोसीखुर्दचा. तिकडे भंडाऱ्याकडे धरणाचे दरवाजे उघडले, की इकडे वैनगंगा फुगते आणि आष्टीजवळचा रस्ता बंद होऊ शकतो. भामरागडला जाणारा पर्लकोटेचे पाणी विचारूनच घर सोडतो. दुसरा प्रश्न ट्रकांचा. सुरजागडचे लोहखनिज वाहणारी वाहने आष्टी-आलापल्ली रस्त्यावर रांगेने असतात. त्यांच्यामागे सापडलात, तर तासाचा हिशेब सोडून द्यायचा. तिसरा प्रश्न उजेडाचा. जंगलातल्या रस्त्यावर रात्र होऊ द्यायची नाही, ही येथली जुनी शिकवण आहे. तिची कारणे पिढीपिढीला बदलत गेली, शिकवण मात्र तीच राहिली. या सगळ्याला जागा ठेवून मी कागद भरला. पहाटे ५-३० ला चंद्रपूर. ७-३० ला आष्टी. आलापल्लीला चहा, १५ मिनिटे. ११-०० ला सिरोंचा. शाळा, १० मिनिटे. आणि तळाशी, मी व्यवहारी माणूस असल्याचा पुरावा म्हणून, 'पंक्चर : २० मिनिटे'.

व्हायचे तेच झाले. ट्रकांनी अडविले, आणि आलापल्लीच्या पुढे रस्ता जागोजाग उखडलेला. आलापल्लीपासून सिरोंचा शंभर किलोमीटरच्या घरात. दोन्ही बाजूंना सागवान, डिसेंबरचे कोवळे ऊन, आणि मी त्यांतले काहीही न पाहता खड्डे चुकवीत होतो. रेपनपल्ली मागे पडली तेव्हा दहा वाजून गेले होते आणि आम्ही पाऊण तासाहून अधिक मागे होतो.

जिमलगट्ट्याच्या अलीकडे एका मोरीच्या कठड्यावर एक बाई बसली होती. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेले मूल होते. शेजारच्या माणसाने आमची मोटार पाहून हात वर केला. गाडी थांबवायची असली की आपण हात हालवितो, तसा त्याने हालविला नाही. नुसता वर धरला. वर्गात उत्तर येत असूनही बोलायला भिणारा मुलगा धरतो, तसा.

"अहो, थांबायचं का?" सौ. म्हणाली.

"मागून एस्. टी. येते आहे," मी म्हणालो.

एस्. टी. येत होती की नव्हती, हे मला ठाऊक नव्हते. ते वाक्य माझ्या तोंडून इतक्या सहजपणे गेले, की क्षणभर माझाही त्यावर विश्वास बसला. आरशात तो हात अजून वर दिसत होता. मग वळण आले.

आम्ही साडेचारला वरंगळात पोचलो. मित्र घरी नव्हते. ते भटजींना आणायला गेले होते. मांडवात खुर्च्या लावणे चालले होते. त्यांतल्या दोन आम्हांला मिळाल्या, आणि आम्ही तेथे साडेतीन तास बसलो. सौ.ने त्या साडेतीन तासांत मला काहीही म्हटले नाही. काही म्हणाली असती, तर मला उत्तर तरी देता आले असते.

केव्हातरी खिशातून तो कागद निघाला. वेळ जायचा म्हणून वाचू लागलो आणि शेवटच्या ओळीवर अडलो. पंक्चर : २० मिनिटे. ती वीस मिनिटे वापरलीच गेली नव्हती. माझ्या चाकाला खिळा लागला असता, तर मी त्याच मोरीपाशी निमूटपणे उतरलो असतो, जॅक लावला असता, आणि उशीर झाला म्हणून स्वतःला दोषही दिला नसता. कारण ती वीस मिनिटे मंजूर होती. रबराच्या दुखण्याला माझ्या वेळापत्रकात जागा होती. नदीला होती, ट्रकाला होती, माझ्या चहाला होती. माणूस वाटेत लागेल, ही शक्यताच मी धरली नव्हती.

परत आल्यावर ही हकीकत मी एका निवृत्त मुख्याध्यापकांना सांगितली. ते न्यायशास्त्र वाचलेले गृहस्थ. त्यांनी मला सोडवायचे ठरविले. म्हणाले, "शब्द तू मित्राला दिला होतास. त्या माणसाला कुठे दिला होतास? दिलेला शब्द आधी. रस्त्यावरच्या प्रत्येक हाताला थांबणारा माणूस कुणाच्याच लग्नाला वेळेवर जाणार नाही." युक्तिवाद कच्चा नाही. वाट पाहणारा माणूस दिसत नसला, तरी त्याचा आपल्यावर हक्क असतो, आणि समोरच्या दुःखाने विरघळून दूरच्याला विसरणे हा काही मोठा सद्गुण नव्हे. ज्या दोघांत निवड करायची, त्यांतला एक डोळ्यांपुढे आणि दुसरा डोळ्यांआड, अशा वेळी डोळ्यांआडच्याचे वकीलपत्र कुणीतरी घ्यायलाच हवे.

पण मला वाटते, प्रश्न त्या मोरीपाशी उभाच राहिला नाही. तेथे मी मित्र आणि तो माणूस यांना तराजूत घातले, असे म्हणणे म्हणजे स्वतःला फार मोठेपणा देणे होय. मी काहीच तोलले नाही. मी घड्याळ पाहिले. उत्तर आदल्या रात्रीच लिहून झाले होते, घरात, दिव्याखाली, चांगल्या अक्षरात. ज्याने वेळ काठोकाठ भरून टाकला, त्याने 'मी थांबणार नाही' हे तेव्हाच ठरविले; आणि त्यातली सोय अशी, की ठरविताना समोर कुणाचा चेहरा नसतो.

याच सुमारास एका प्रयोगाची हकीकत माझ्या वाचनात आली. अमेरिकेत प्रिन्स्टनला डार्ली आणि बॅट्सन या मानसशास्त्रज्ञांनी धर्मशिक्षण घेणाऱ्या चाळीस विद्यार्थ्यांवर तो केला. १९७३ साली तो प्रसिद्ध झाला. प्रत्येकाला एका इमारतीतून दुसरीत जाऊन छोटे भाषण करायचे होते. काहींचा विषय बायबलातली ती प्रसिद्ध गोष्ट होती : लुटला गेलेला वाटसरू रस्त्यात पडला आहे, धर्माधिकारी त्याला ओलांडून जातात, आणि परक्या जातीचा माणूस त्याला उचलून नेतो. मधल्या बोळात एक माणूस विव्हळत पडलेला असावा, अशी व्यवस्था प्रयोग करणाऱ्यांनी केली होती. ज्यांना घाई नव्हती, त्यांतले शेकडा ६३ थांबले; थोडी घाई होती त्यांतले ४५; आणि 'तुम्हांला उशीर झाला आहे' असे ज्यांना सांगितले, त्यांतले अवघे १०. कुणी त्या परोपकारी माणसावरच बोलायला निघाला होता की नाही, याने म्हणण्याजोगा फरक पडला नाही.

हे वाचून मला प्रथम बरे वाटले. धर्मशास्त्र शिकणारे जर असे, तर चित्रकला शिकविणाऱ्याचे काय! पण ते समाधान टिकले नाही. त्या मुलांना घाई दुसऱ्याने दिली होती. माझी मी तयार केली होती, आणि तीही हौसेने.

दुसऱ्याने दिलेल्या घाईचा प्रश्न निराळाच आहे. खेपेवर ज्याचे पोट आहे, असा ट्रकचालक थांबला नाही, तर त्याचा दोष कुणाच्या माथी मारायचा? त्याचा कागद आखणारा दुसऱ्याच कुठल्या तरी गावी बसलेला असतो, आणि त्याने तर ती मोरीही पाहिलेली नसते. रेल्वेत बसणाऱ्याला मात्र हा घोर नाही. मी काझीपेठची गाडी धरली असती, तर असे शंभर हात खिडकीतून पाहून न पाहिल्यासारखे करता आले असते. साखळी काही त्यासाठी नसते. मोटारीत ब्रेक आपल्याच पायाखाली असतो, हे तिचे सुख आणि हीच तिची अडचण.

आणि एस्. टी.? जिच्या नावावर मी खोटे बोललो, तिच्याकडे वेळापत्रक माझ्यापेक्षा कडक असते. तरीही याच एस्. टी.ने 'हात दाखवा, गाडी थांबवा' अशी योजना काढली. या जिल्ह्यात हात दाखवायला गाडी असणे हीसुद्धा सगळीकडे जुनी गोष्ट नाही. गट्टा, गर्देवाडा, वांगेतुरी या बाजूला एस्. टी. पहिल्यांदा धावली, ती १ जानेवारी २०२५ रोजी. भामरागडच्या आतल्या गावांतून आजाऱ्याला खाटेवर घालून, खाट खांद्यावर घेऊन माणसे चालत दवाखाना गाठतात. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३ साली सुरू झाला, तो असल्या वाटांच्या टोकाशी. ज्याच्या लेखी पंधरा कोस म्हणजे दोन दिवस, त्याने माझ्या पाऊण तासाच्या उशिराकडे कसे पाहावे, हे मला समजत नाही. कदाचित त्याने पाहिलेही नसेल. मोटार गेली, एवढेच पाहिले असेल.

अतिथी म्हणजे ज्याची तिथी ठरलेली नाही तो, अशी फोड आपल्याकडे करतात. माझ्या लहानपणी ब्रह्मपुरीकडे आमचे जेवण भाताचे. आई आधणात माणसे मोजून तांदूळ घाली आणि मग न मोजता आणखी एक मूठ टाकी. ती मूठ कुणासाठी, हे तिला ठाऊक नसे, आणि बहुधा कुणी येतही नसे. सकाळी तो शिळा भात फोडणीला पडे आणि आम्हीच खात असू. त्यात तिने दया केली, असे कुणाला वाटले नाही, तिलाही नाही. ती फक्त तांदूळ घालण्याची रीत होती. तीन कादंबऱ्या लिहून झाल्या माझ्या. त्यांतल्या एखाद्या नायकाला मी त्या मोरीपाशी आणले असते, तर खात्रीने थांबविले असते, त्याच्या डोळ्यांत पाणीही आणले असते. आईने यांतले काहीही केले नाही, आणि तरी आलेला माणूस जेवून गेला असता.

आणखी एक गोष्ट लिहायची राहिली. वरंगळहून परतताना आम्ही आसिफाबादमार्गे आलो. 'तो रस्ता चांगला आहे' असे मी सौ.ला सांगितले. तो चांगला आहेच.

त्या मुलाचे पुढे काय झाले, मला माहीत नाही. कदाचित काहीच झाले नसेल. बाळाला घेऊन ती दोघे नुसती पाहुणी निघाली असतील, आणि पुढच्या गाडीने गेलीही असतील. पुष्कळ रात्री मी त्यांना त्या गाडीत बसवून दिले आहे.

मित्राच्या मुलीला मुलगा झाला आहे. दिवाळी आटोपली की बारशाला जायचे. कागद पुन्हा पुढे घेतला आहे. या वेळी वाट तीच, सिरोंच्याची. आलापल्ली, चहा. शाळा, ती मागच्या वेळी राहूनच गेली. पंक्चर, वीस मिनिटे. त्याखाली एक ओळ हवी होती, पण तिला नाव काय द्यावे ते सुचेना. परोपकार लिहिले तर लाज वाटली; संकीर्ण लिहिले तर शाळेचा जमाखर्च वाटला. शेवटी ओळ कोरीच सोडली आणि पुढे लिहिले, एक तास. निघण्याची वेळ ५-३० ची खोडून ४-३० केली.

सौ.ने कागद वाचला. म्हणाली, "आणि कुणी भेटलंच नाही तर?"

"तर जिमलगट्ट्याला चहा घेऊ," मी म्हटले.

तिने गजर चारचा लावला.