खिडकीवरचा भाव

दशलक्षण पर्वात आमच्या मंडळात औषधदानाची पेटी फिरते. आहार, औषध, शास्त्र, अभय ही चार दानं आपण लहानपणापासून ऐकलेली. त्यात औषधदानाला बायकांचा हात जरा सैलच असतो, कारण दुखणं प्रत्येकीच्या घरी येऊन गेलेलं असतं.

मागच्या वर्षी त्या पैशातून एका बाईच्या नवऱ्याचं दवाखान्याचं बिल भागवायचं ठरलं. मी दुकानदाराची लेक, कागद पूर्ण वाचल्याशिवाय पैसे मोजत नाही. हातमोजे, किट, परत हातमोजे, रोज तीच रक्ततपासणी. खिडकीवर विचारलं, "ही रोज कशाला?" तो मुलगा म्हणाला, "मावशी, थोडं कमी करून देऊ का?" आणि बघता बघता 18,000 रुपये कमी केले. आनंद व्हायला हवा होता, पण मला भीतीच वाटली. कापडाच्या दुकानात इतक्या झटकन भाव उतरला तर गिऱ्हाईक उठून जातं. सलाईन लावलेला माणूस उठून कुठं जाणार?

माझा भाचा डॉक्टर आहे. 2017 च्या नोव्हेंबरात बेळगावात विधानसभेचं अधिवेशन होतं, आणि खाजगी दवाखान्यांच्या कायद्यातल्या दुरुस्तीला विरोध करायला कर्नाटकभरचे डॉक्टर इथं जमले होते. उपचारांचे दर सरकारने ठरवायचे, मोडले तर तुरुंग, असा पहिला मसुदा. भाचाही त्या गर्दीत होता. मीच त्याला डबा करून दिला. त्याच दिवशी शेजारची बाई तापाने फणफणलेला नातू कडेवर घेऊन बंद ओपीडीच्या दारातून परत आली. माझा डबा चुकला की बरोबर होता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढं कायदा झाला. तुरुंग गेला, दर बांधणं सरकारी योजनांतल्या उपचारांपुरतं उरलं. दरपत्रक लावा, आणि बिल थकलं म्हणून मृतदेह अडवू नका, एवढं राहिलं. मृतदेह अडवू नका, हे कायद्यात लिहावं लागावं!

भाचा म्हणतो, "मावशी, मशीनचा हप्ता, रात्रपाळीच्या नर्सचा पगार कोण मोजणार? दर खाली दाबले की आधी नर्सच कमी होते." हे खोटं नाही. नर्स कमी असलेल्या वॉर्डात माझ्या सासूबाईंच्या पाठीला जखमा पडल्या होत्या. पण त्याच 2017 च्या फेब्रुवारीत सरकारने औषधाचा लेप असलेल्या स्टेंटची किंमत 29,600 रुपयांवर बांधली. आधी त्याचेच लाखावर पैसे घेतले जात. म्हणून काही अँजिओप्लास्टी बंद पडल्या नाहीत. म्हणजे भावात जागा होती की!

अचौर्य व्रताच्या अतिचारांत खोटं वजनमाप येतं. आपण ते फक्त तराजूपुरतं धरलं. गरज नसलेली तपासणी हेही खोटं मापच ना? हे विचारलं तेव्हा भाचा गप्प बसला. रागावला नाही, हे त्याचं चांगलं.

यंदा मी मंडळात म्हटलं, पैसे देण्याआधी दोघींनी जाऊन तपशीलवार बिल आणि दरपत्रक मागायचं. खजिनदारबाई म्हणाल्या, "दान देताना हिशेब विचारायचा नसतो." अहो, घेणाऱ्याला विचारायचा नसतो. पण इथं घेणारा कोण? ती बाई की दवाखाना? यावर दोन बैठका झाल्या, ठराव अजून व्हायचा आहे.

त्या दिवशी बाहेर पडताना त्या बाईने बिलाची घडी पदरात बांधली आणि विचारलं, "वहिनी, मी विचारलं असतं तर केलं असतं का हो कमी?"