उद्दिष्ट कोणाचं?

"त्याला एकदा बोलावून दम द्या, बाकी मला काही नको." नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन आलेल्या बाईचं हे म्हणणं समुपदेशन केंद्रात बसणाऱ्या कुणालाही नवं नाही. पण फाइलमधल्या 'उद्दिष्ट' या रकान्यात ते लिहायला हात धजत नाही. तिथे पडतं : स्वावलंबन, आत्मसन्मान, हिंसामुक्त जीवन. देणगीदाराच्या अहवालात हे शोभतंही. बाई पुढच्या तारखेला फिरकली नाही की शेरा तयार असतो, 'प्रतिसाद नाही'.

निर्णय ज्याचा त्याने घ्यावा, हे तत्त्व फेलिक्स बीस्टेक यांनी 1957 साली मांडलं. समाजकार्याचे विद्यार्थी ते पाठ करून पास होतात. खुर्चीत बसल्यावर ते पाळणं अवघड, कारण समोरचीचं भलं आपल्याला आधी दिसतं, असं आपल्याला वाटत असतं.

मुंबईत पोलीस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984 साली महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. नवऱ्याच्या छळाला गुन्हा ठरवणारं 498अ कलम त्याच्या आदल्याच वर्षी आलं होतं. म्हणजे बाईपुढे मुख्यतः दोन वाटा : नवऱ्यावर गुन्हा, नाहीतर काडीमोड. कितीतरी जणींना दोन्ही नको होतं. मार थांबावा आणि घर सुटू नये, एवढंच त्या मागत होत्या. 2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने नेमकं तेच देऊ केलं. लग्न न मोडता संरक्षणाचा, राहत्या घराचा, खर्चाचा आदेश मिळू लागला. ज्याला आपण बाईचा कच्चेपणा समजत होतो, ती रास्त मागणी होती.

तेव्हा 'दम द्या' हे खोडू नये, उकलावं. दम दिल्यावर उद्यापासून घरात काय वेगळं दिसायला हवं? मग ती सांगते : माझा पगार माझ्याकडे राहू दे, आईला फोन करू दे, पोरांसमोर हात उचलायचा नाही. हे घडलं की नाही, ते पंधरा दिवसांनी विचारता येतं. मात्र यातलं सगळं नवऱ्याच्या हाती आहे. म्हणून तिच्या हातचंही एखादं काम ठरवावं. कागदपत्रांच्या झेरॉक्स शेजारणीकडे ठेवणं, एवढंसुद्धा चालेल.

तिचं ऐकायचं म्हणजे आपण गप्प बसायचं, असं नव्हे. त्याने गळा दाबला असेल, तर जिवाला धोका आहे हे तोंडावर सांगायलाच हवं. तिथे भीड कामाची नाही.

चौथ्या भेटीत ती कदाचित म्हणेल, "ताई, आता वेगळं राहायचंय." तेव्हा जुनं उद्दिष्ट खोडू नका, खाली तारीख घालून नवं लिहा. आणि लिहिताना पेन तिच्या हातात द्या. लिहिता येत नसेल, तर ती बोलेल तसं उतरवून घ्या आणि तिला वाचून दाखवा.