आभास, भास, गैरसमज आणि भ्रम

मुख्य वचन : २ राजे, अध्याय ३, वचनें २२ व २३.

मवाबाचा राजा मेशा इस्राएलास कोंकरें व लोंकर खंडणी म्हणून देत असे. अहाब राजा मरण पावल्यावर तो फितूर झाला. तेव्हां इस्राएल, यहूदा व अदोम येथील तिघे राजे मिळून त्याजवर चालून गेले. सात दिवस वाट चालल्यावर सैन्याला व जनावरांना पाणी मिळेना. अलीशा संदेष्ट्यानें खोऱ्यांत चर खणावयास सांगितलें, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं अदोमाच्या बाजूनें पाणी येऊन तो प्रदेश भरून गेला. मवाबी लोक पहांटेस उठले. उगवत्या सूर्याचें ऊन त्या पाण्यावर पडलें होतें, आणि तें त्यांना रक्तासारखें लाल दिसलें. राजे आपसांत लढून मेले, आतां आपण लूट घ्यावी, असें म्हणून ते थेट इस्राएलाच्या छावणींत शिरले, आणि तेथें त्यांचा मोड झाला.

मवाबी लोकांचे डोळे फुटलेले नव्हते. पाणी खरोखर होतें, आणि त्याचा लाल रंगही त्यांना खरोखर दिसला. मग ते फसले कोठें? हें समजण्यासाठीं आपल्या नित्याच्या बोलण्यांतील चार शब्द वेगळे करून पाहिले पाहिजेत. आभास, भास, गैरसमज व भ्रम हे शब्द आपण एकमेकांच्या जागीं सर्रास वापरतों. परंतु ज्याच्या कपाटांत चार औषधें आहेत, त्यानें हाताला लागेल ती कुपी कोणत्याही रोग्यास पाजली तर काय होईल? ह्या शब्दांचेंही तसेंच आहे.

पहिला शब्द आभास. येथें वस्तु असते, पण ती आहे तशी न दिसतां निराळी दिसते. वैशाखांत सडकेवर पुढें पाणी चकाकतें. तापलेल्या जमिनीलगतची हवा विरळ होते, तींतून येतांना प्रकाशाचे किरण वांकतात, आणि आकाशाचाच तुकडा जमिनीवर पाण्यासारखा दिसतो. पाण्यांत अर्धी बुडविलेली काठी मोडल्यासारखी दिसते; अडाण्याला दिसते तशी पंडितालाही दिसते. म्यूलर-लायर नांवाच्या जर्मन विद्वानानें इ. स. १८८९ मध्यें दोन सारख्याच रेघांचा एक नमुना प्रसिद्ध केला. एकीच्या टोकांना आंत वळलेल्या व दुसरीच्या टोकांना बाहेर वळलेल्या लहान रेघा जोडल्या, म्हणजे त्या दोन रेघा लहानमोठ्या दिसतात. पट्टीनें मोजून खात्री केली तरी तशाच दिसत राहतात. ह्यावरून आभास हा दोष नव्हे, हें उघड आहे. वादळांत समुद्रावरून चालत येणारा प्रभु शिष्यांना भूत वाटला. प्रभूनें त्यांचा धिक्कार केला नाहीं, तर त्यांना धीर दिला.

दुसरा शब्द भास. येथें वस्तुच नसते. तापांत वात झालेला रोगी रिकाम्या कोपऱ्याकडे बोट दाखवून कोणी उभा आहे असें म्हणतो. जिनीव्हा येथील शार्ल बोने ह्या शास्त्रज्ञानें इ. स. १७६० मध्यें आपल्या आजोबांची हकीकत लिहिली आहे. मोतीबिंदूनें म्हाताऱ्याची नजर गेली होती, आणि त्यांना माणसें, पांखरें, गाड्या, इमारती दिसूं लागल्या. परंतु हें कांहींएक खरें नाहीं, हें ते पक्कें जाणून होते. त्यांना भास होता, भ्रम नव्हता. पुढें एस्किरोल ह्या फ्रेंच वैद्यानें इ. स. १८३८ च्या आपल्या ग्रंथांत आभास व भास ह्यांतील हा भेद स्पष्ट मांडला. भास ही पुष्कळदां शरीराची किंवा मेंदूची पीडा असते. ज्याला आवाज ऐकूं येतात त्याला भूत लागलें म्हणून मारणें, धुरी देणें किंवा बांधून ठेवणें हा त्या दुखणाइतावर दुहेरी घाव आहे. त्याला वैद्याकडे न्यावें, आणि घरांत त्याच्याशीं मऊ बोलावें.

तिसरा शब्द गैरसमज. येथें डोळा बरोबर पाहतो, पण मन चुकीचा अर्थ लावतें. हन्ना मंदिरांत मनांतल्या मनांत प्रार्थना करीत होती. तिचे ओंठ हालत होते, पण शब्द ऐकूं येत नव्हता. एली याजकाला ती मद्य प्यालेली वाटली. तिनें नम्रपणें खरें सांगितलें, आणि त्या वृद्ध याजकानें लगेच आपलें मत टाकून देऊन तिला शांतीचा निरोप दिला. गैरसमजाची खूण हीच, कीं खरें कळलें म्हणजे तो जातो.

चौथा शब्द भ्रम. हा खरें कळूनही जात नाहीं. भ्रमण व भ्रम हे दोन्ही शब्द फिरणें ह्या एकाच धातूपासून निघाले आहेत. घाण्याचा बैल दिवसभर चालतो आणि सायंकाळीं तेथेंच असतो. भ्रमांत पडलेल्या मनुष्याला किती पुरावे दाखवा, तो फिरून पहिल्याच जागीं येतो. मनाच्या रोगानें ज्याला असें होतें, त्याची गोष्ट वेगळी. त्याला उपदेश नको, औषध हवें. परंतु निरोगी मनुष्य लोभानें, भयानें किंवा गर्वानें जो भ्रम पोसतो, त्याचा जाब त्याला देवापुढें द्यावा लागेल. लावदिकीया हें शहर इ. स. ६० मधील भूकंपानंतर रोमी सरकारची मदत न घेतां पुन्हा उभें राहिलें, इतकें तें धनवान होतें. तेथील मंडळीही स्वतःस श्रीमंत समजत होती. प्रभूनें तिला सांगितलें कीं ती दरिद्री, आंधळी व उघडी आहे. (प्रकटीकरण ३:१७.)

आतां मवाबी लोकांकडे पुन्हा पाहा. पाणी लाल दिसलें, हा आभास. राजे मेले, हा गैरसमज; एक हेर पाठविला असता तर तो तत्काळ मिटला असता. पण लुटीचा लोभ सुटला होता, आणि लोभी मनुष्याला चौकशी नकोशी होते. आभासानें त्यांना मारलें नाहीं, लोभानें मारलें.

आपल्या गांवांतही हाच क्रम घडतो. सायंकाळीं विहिरीजवळ एक एकटी विधवा पुटपुटत उभी असते. अंधुक उजेडांत तिचे डोळे चमकल्यासारखे दिसतात, हा आभास. रात्रीं शेजारचें मूल तापानें फणफणतें. तिनेंच कांहीं केलें असेल, हा गैरसमज. ताप दूषित पाण्याचा आहे असें डॉक्टर सांगतो, तरी लोक म्हणतात, डॉक्टराला काय कळतें! येथें भ्रम सुरू झाला. मग तिला चेटकीण म्हणतात, तिच्या अंगणांत दगड पडतात, आणि तिच्या शेताच्या तुकड्यावर ज्याचा डोळा असतो तोच सर्वांत मोठ्यानें ओरडतो. महाराष्ट्रांत इ. स. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानें असा आळ घेणें अपराध ठरविलें असून त्यास सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. पण शिपाई येईपर्यंत म्हातारीचें घर उभें राहील काय? जो शेजारी पहिल्याच दिवशीं उठून, आपण जवळ जाऊन पाहूं, असें म्हणेल, तोच तिला वांचवील.

ख्रिस्ती मनुष्याला चौकशीचें भय नसावें. पौल थेस्सलनीका येथील मंडळीला सर्व गोष्टी पारखून पाहण्यास सांगतो. थोमानें हात लावून खात्री करूं मागितली, तेव्हां प्रभूनें त्याच्यापुढें आपले हात केले. म्हणून, प्रियहो, आभास झाला तर जवळ जाऊन पाहा. भास होणाऱ्यावर दया करा. गैरसमज झाला तर विचारा, आणि एलीप्रमाणें मागें घ्या. भ्रमाचा शोध मात्र दुसऱ्याच्या घरीं करण्यापूर्वीं आपल्या घरीं करा : खरें कळलें तरी जें मत मी सोडीत नाहीं, तें मला काय मिळवून देतें? ह्या प्रश्नाचें उत्तर प्रत्येकानें आज रात्रीं दिवा मालवण्यापूर्वीं देवाला द्यावें, आणि विहिरीजवळच्या त्या म्हातारीला उद्यां सकाळीं नांवानें हांक मारावी.