पेज कुणी ढवळायची?

आमच्या कोलशेतात बाळाला सहा महिने झाले की म्हाताऱ्या बायकांचा एक सवाल ठरलेला. "पोराला सत्त्व चालू केलं का नाय?" सवाल होतो बाळाच्या आईला. बापाला कुणी विचारत नाही.

खाडीकाठचं आमचं गाव भाताचं. नाचणी वरकस जमिनीची, ती शहापूर-मुरबाडकडून यायची. तरी बाळाच्या पहिल्या जेवणात तिला तांदळाच्या पेजेइतकाच मान. आज खाचरांच्या जागी टॉवर उभे आहेत, पण सत्त्व गावठाणात टिकून आहे. टॉवरमधल्या पोरीही कसं करायचं ते विचारायला येतात.

काम सोपं, पण सवडीचं. नाचणी पाखडून, खडे काढून तीन-चार पाण्यांनी धुवायची. रातभर भिजवून सकाळी फडक्यात बांधायची. मोड आले की सावलीत वाळवायची, मंद भाजायची, बारीक दळून चाळायची. मोड उगाच आणत नाहीत. दाणा उगवायला लागला की त्यातला पिठूळ अंश फुटतो, मग पेज गोळा होत नाही. बाळाचं पोट ते केवढं! पातळ राहणाऱ्या पेजेत पीठ जास्त मावतं, म्हणजे तेवढ्याच चार चमच्यांत कस जास्त जातो. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. आमच्या आज्यांना हा आकडा ठाऊक नव्हता, पण हात बरोबर चालायचा. पीठ गार पाण्यात कालवायचं आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. रंग गडद होऊन चकाकी आली की शिजलं. साखर-मीठ नको, वर तुपाचा थेंब.

आता यात हात किती लागले ते मोजा. पूर्वी आजी पाखडायची, आत्या धुवायची, जात्यावर सासू-सून समोरासमोर बसायच्या. आई लावणीला गेली तरी चुलीवरची पेज कुणीतरी ढवळत असायचं. पुढं शेती गेली, घरं वेगळी झाली, जातं तुळशीपाशी शोभेला ठेवलं. कामं मात्र तेवढीच राहिली, आणि ती सगळी एका बाईच्या नावावर चढली.

सरकारनं 2017 साली प्रसूतीची पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे केली. चांगलं केलं. पण हिशेब बघा. पहिले सहा महिने बाळाला निव्वळ अंगावरचं दूध द्यायचं. 26 आठवडे म्हणजे तेच सहा महिने. वरचं अन्न सुरू करायची वेळ आणि आईची रजा संपायची वेळ एकच. टॉवरमध्ये धुणीभांडी करणाऱ्या बायकांना तर तेवढीही रजा नाही.

माझ्या सुनेनं बाळाच्या अन्नाचा डबा विकत आणला तेव्हा आळीत कुजबुज झाली. ती एवढंच म्हणाली, "बाबा, सकाळी सातला घर सोडते, रात्री आठला येते. मोड कवा आणू?"

डबा आणणं पाप नाही. बाळ उपाशी राहण्यापेक्षा डबा बरा. पण बाळांच्या अन्नाच्या विक्रीवर 1992 साली कायदा आला, तो काही उगाच नाही. बाळ स्वतः निवडत नाही, तक्रारही करत नाही. त्याच्या वतीनं दुसरं कुणीतरी निवडतं, म्हणून ही जबाबदारी मोठी. पण मोठी जबाबदारी आहे म्हणून ती एकटीच्या डोक्यावर द्यावी, हा कुठला न्याय? घरचं अन्न चांगलं असं म्हणताना आपण कुणाचा तरी वेळ फुकट मागत असतो. चांगलं अन्न हवं असेल तर तो वेळ सगळ्यांनी वाटून द्यायला हवा.

उष्टावणाला पहिला घास मामा भरवतो. पुरुषाच्या हाताला तेवढा मान आहे, फोटोही निघतात. दुसऱ्या घासापासून आपण गडप! आणि मोड आणणं हे बायकांचं काम कधीपासून झालं? खारपट जमिनीत आम्ही रहू टाकायचो. भाताचं बी भिजवून, पोत्यात दाबून मोड आणायचे आणि ते चिखलात फेकायचे. ते काम बाप्यांचं होतं, त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही. दाणा तोच, पाणी तेच. शेतासाठी मोड आणले की शेतकरी, बाळासाठी आणले की बायकी, असा भेद दाणा करत नाही.

आमच्या घरी आता नाचणी मी धुतो, भिजवतो, वाळवतो. गिरणीतून दळून आणतो. सकाळी पेज माझा पोरगा ढवळतो. पहिल्या दिवशी गुठळ्या झाल्या, चौथ्या दिवशी जमली. सूनबाई रात्री घरी आली की बाळाला मांडीवर घेऊन निवांत बसते. डबा अजून फडताळात आहे, अडीनडीला लागतो.