वेळेचें भाडें

न्यूयॉर्कचे घरमालक बहुधा अशी अट घालतात कीं, भाडेकरूची वार्षिक मिळकत मासिक भाड्याच्या ४० पट असावी. ही अट जेमतेम पुरी करणाराचे दर १० डॉलरांतील ३ डॉलर निवाऱ्यापायींच जातात. ज्यांस तीहि झेपत नाहीं, अशा कित्येक स्वयंपाक्यांस व झाडलोट करणारांस दूरच्या वस्तींत राहावें लागतें. १९०४ सालीं ५ सेंटांवर सुरू झालेल्या तेथील भुयारी रेल्वेचें भाडें आजहि जवळच्या व दूरच्या उतारूस सारखेंच आहे. पैशापुरती ही समता खरी. परंतु दूरचा उतारू मुलांबाळांत घालवावयाचे तासहि वर मोजतो. ते त्यानें स्वखुषीनें दिले, असें म्हणणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. निरुपायानें दिलेल्या या वेळेवर उभारलेली शहराची सोय आम्ही ऋणच मानतों. आणि जें ऋण मान्यच केलें नाहीं, तें फिटावें कसें?