आधी लेबल वाच, मग दिवे लाव

काहून रे, तीन महिने तू कॉम्प्युटर जुळवत होतास. त्यातला एक तास तरी एसएमपीएसवर घालवलास का? प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रंगीत दिवे, सगळं तुला तोंडपाठ. आणि या सगळ्यांना ज्या डब्यातून वीज मिळते, तो मात्र कॅबिनेटसोबत आला तोच ठेवलास. आता नवतप्याच्या उन्हात मशीन वीस-वीस मिनिटांनी बंद पडतं आणि तू विचारतोस, "सर, विंडोज खराब झाली का?" विंडोजला काही झालेलं नाही. चूक तुझ्या निवडीत आहे, आणि ती आज तुला ऐकून घ्यावी लागेल.

काल तुझ्यासमोर कॅबिनेट उघडलं. एसएमपीएसवर ठळक आकडा ६०० वॅटचा. त्याखालचा बारीक तक्ता तू कधी वाचलाच नाहीस. १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर. कर गुणाकार: २१६ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाचा जवळपास सगळा भार याच १२ व्होल्टवर पडतो. तुझा आय-फाइव्ह १२४००एफ जोरात चालला की ११७ वॅटपर्यंत ओढतो, आरटीएक्स ३०६० चे १७०. इथेच २८७ झाले. पंखे आणि बाकीचं वेगळं. बैलांना झेपेल तेवढंच ओझं गाडीत भरावं, हे तुझ्या वडिलांना कुणी शिकवावं लागत नाही. इंजिनिअरिंगला असून तुला ते कळू नये? या कार्डाला ५५० वॅटचा पुरवठा लागतो, असं ते बनवणारी कंपनीच सांगते. ते ५५० खरे हवेत, स्टिकरवरचे नव्हेत.

"पुढच्या वेळी ८० प्लसचा घेतो," म्हणालास. घे, पण त्याचा अर्थ समजून घे. तो शिक्का सांगतो की वीज किती कमी वाया जाते. ती चाचणी २३ अंशांच्या आसपास होते. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, अमरावतीही फार मागे राहत नाही. म्हणून पूर्ण वॅट ४० अंशांना मिळतात की ५० ला, हे बघ. चांगला निर्माता ते लिहून देतो. आतले कपॅसिटर १०५ अंशांचे आहेत की ८५ चे, तेही बघ. दर १० अंश उष्णता वाढली की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं.

आता कॅबिनेट. समोर अखंड काच, मागे एकच पंखा. हवा शिरणार कुठून? प्रोसेसरवरचा कूलर हवेचा असो की पाण्याचा, खोलीपेक्षा थंड तो करूच शकत नाही. एसीच्या २५ अंशांत जो प्रोसेसर ६५ वर राहतो, तोच तुझ्या ४३ अंशांच्या खोलीत ८३ वर जाणार. कोंडलेल्या कॅबिनेटमध्ये हवा आणखी १० अंश तापली की ९३. शंभरला तो आपला वेग आपणच कमी करतो. म्हणजे महागडा प्रोसेसर घेऊन तू त्याला स्वस्तातल्यासारखा चालवणार. समोर जाळी, तिथून दोन पंखे हवा आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा. वऱ्हाडात एवढं तरी हवंच.

आणि धूळ? तुझं घर जिनिंगजवळ. काल हीटसिंकच्या पात्यांवरून मी बोटाने जे काढलं, ती कापसाच्या तंतूंची आणि काळ्या मातीची गोधडीच होती. पंधरा दिवसांनी फिल्टर झटकायचा. कॅबिनेट जमिनीवर ठेवायचं नाही. आणि खोलीतल्या पाण्याच्या कूलरच्या थेट झोतात तर मुळीच नाही. ते तुषार सर्किटवर बसतात, वाळले की क्षार मागे राहतात.

शेवटची गोष्ट सर्वांत गंभीर आहे. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, हे तू हसत सांगितलंस. हसण्यासारखं त्यात काही नाही. बोर्डात अर्थिंग नाही, आणि थ्री-पिनची अर्थिंगची पिन तू टू-पिन जोडून निकामी केलीस. तुझी धाकटी बहीण त्याच टेबलावर अभ्यास करते. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घेतल्याशिवाय ते मशीन सुरू करायचं नाही.

वडिलांनी कापूस विकून तुला पैसे दिले. ते दिसणाऱ्या गोष्टींवर उधळायला नव्हते. आधी एसएमपीएस, मग हवा, मग कॅबिनेट. उरले तर दिवे. उद्या दहा वाजता लॅबमध्ये ये. घ्यायच्या एसएमपीएसच्या लेबलचा फोटो आण आणि १२ व्होल्टचा गुणाकार फळ्यावर करून दाखव. तो जमेपर्यंत एक रुपयाही खर्च करू नकोस.